अवसेचा गेळ

रत्नप्रभा फार हळू बोलते, असं तिच्या सासरी, शेणव्याला, सगळे म्हणतात. सासूबाई तर शेजारणींना कौतुकानं सांगतात, "आमची सून घरात हाय का नाय, कळत पन नाय." मासळीला ती हात लावत नाही आणि दर पौर्णिमेला कडकडीत उपास धरते, याची त्या कौतुकात आणखी भर. सून असावी तर अशी.

ज्यांनी तिला लहानपणी मुरबाडला नदीवर पाहिलं होतं, ते हे ऐकून पोट धरून हसले असते. ही रत्ना? आणि हळू? "या पोरीच्या गळ्यात कंपनीनं भोंगा बसवलाय," असं वाडीतली माणसं म्हणायची. कोंडीवर, म्हणजे नदीतल्या खोल डोहाच्या काठावर उभं राहून तिनं हाक घातली की ती बौद्धवाडीतल्या शेवटच्या घरात पोचायची, आणि वर माळावर ठाकूरपाडा होता, तिथंही पोचायची. कुणाचं रेडकू हरवलं, कुणाचा नवरा जेवायला यायचा राहिला, तर बायका म्हणायच्या, "रत्ने, एक हाक घाल गो." तीही ऐटीत कमरेवर हात ठेवून हाक घालायची. गुण म्हणावा असा तेवढा एकच गुण तिच्यात होता, आणि तिला त्याचा भारी तोरा होता.

वाडी नदीच्या अलीकडे आणि रंगाच्या कंपनीची भिंत पलीकडे. भिंतीच्या पायथ्याशी सिमेंटचा एक नळा नदीत तोंड काढून बसलेला होता. त्यातून कधी जांभळं पाणी यायचं, कधी पोपटी. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण एक्क्याण्णव-ब्याण्णव साली त्या पोरांना त्याची गंमतच वाटत होती. आज कुठला रंग येणार यावर पैजा लागायच्या, आणि हरेल त्यानं जिंकणाऱ्याला पाठुंगळी घेऊन नदी ओलांडायची. कंपनीनं टाकून दिलेली निळी पिंपं वाहत यायची. दोन पिंपं सुंभानं एकत्र बांधली की झाली होडी. होडीवर बसायचं रत्नानं आणि बारकीनं, ढकलायचं बाकीच्यांनी. दुपारचा भोंगा झाला की पहिली पाळी सुटायची, म्हणजे बाप घरी यायच्या आत पळायचं. आया ओरडायच्या त्या रंगीत कपड्यांसाठी. पाण्याची भीती कुणालाच नव्हती. नदीच ती, तिला काय भ्यायचं!

बारकी ही ठाकूरपाड्यावरच्या लखमाची आणि जनाची एकुलती एक पोर. काटकुळी, रत्नापेक्षा वर्षानं लहान, पण पाण्यात हात घालून खेकडा काढावा तर तिनंच. तिचा बाप लखमा कानानं कमी ऐकायचा. जना दारात उभी राहून घसा फोडायची आणि हा आपला दोन हातांच्या अंतरावर बसून दोरी वळतोय. रत्नाची हाक मात्र त्याला ऐकू जायची. तो हसून म्हणायचा, "आख्ख्या गावात तुजीच हाक तेवडी माज्या कानात शिरतं गो पोरी."

हाच लखमा उन्हाळ्यात नदीला गेळ टाकायचा. गेळाची फळं ठेचायची आणि वरच्या कोंडीत सोडायची. घटकाभरात मासे गुंगतात, उलटे होतात, पांढरी पोटं दाखवत खाली वाहत येतात. गेळानं मासा गुंगतो, माणसाला त्याचं काही होत नाही, आजे-पणजे खात आले. टाकणारा वर गप्प बसून राहायचा, आणि खाली ज्याला पहिला उलटा मासा दिसेल त्यानं हाक घालायची. मग बौद्धवाडी असो की पाडा, ज्याच्या पाटीत जो मासा येईल तो त्याचा. हाक अर्थातच रत्नाची. लखमाचा नियम एकच होता, अवसेला गेळ टाकायचा नाही. अमावास्येला टाकला तर त्याचं विष होतं, असं पाड्यावरची म्हातारी माणसं सांगायची.

चौऱ्याण्णवच्या चैत्रातली दुपार. नदी आटून नुसत्या कोंडी उरल्या होत्या आणि मधून पाण्याची एक बारीक धार. कंपनी त्या दिवशी साफसफाईसाठी बंद होती, नळ्यातून रंग येत नव्हता, त्यामुळे पैज काही लागली नाही. पोरं कंटाळली होती. आणि रत्नाला पहिला मासा दिसला. मग दुसरा, मग दहा. मळे, शिंगट्या, हातभर लांबीचे खवळ, एवढे मासे त्या नदीत आहेत हे कुणाला ठाऊकही नव्हतं.

"लखमाकाकानं गेळ टाकलाऽऽ! धावा रेऽऽ!"

तिची ती हाक कंपनीच्या भिंतीवर आपटून परत आली.

बारकी तिच्या शेजारीच गुडघाभर पाण्यात उभी होती. ती म्हणाली, "बा तर लाकडांना गेलाय. सकालीच गेला, डोंगरात."

"येताना टाकला असंल. तुला सांगून टाकतो काय तो?"

बारकीला ते पटलं. रत्नाताई म्हणते म्हणजे तसंच असणार. तोवर बाया पाट्या घेऊन धावत आल्याच होत्या. रत्नानं ओटीभर मासे घरी नेले, बारकीनं त्याच्या दुप्पट. जाताना ती खुशीनं ओरडत गेली, "उंद्या काटं मोजू, कोन जास्त खातं ते!"

कमळाबाईनं, रत्नाच्या आईनं, चिंच घालून कालवण चुलीवर चढवलं. भोंगा त्या दिवशी झाला नव्हता, तरी वेळेवर जयराम, रत्नाचा बाप, घरी आला. तो कंपनीत सहा वर्षं टेंपररी होता, म्हणून सुट्टीतही साफसफाईला त्यालाच बोलावलेलं. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि तो थबकला. नाक वर करून त्यानं वास घेतला. मग चुलीवरचं तापलेलं भांडं उघड्या हातांनी उचलून परसात नेलं आणि उकिरड्यावर पालथं केलं. वरून माती लोटली. हाताला टरटरून फोड आले होते.

"अवो, येड लागला का तुमाला?" कमळाबाई ओरडली.

जयराम म्हणाला, "आज पौर्निमा हाय. घरात मासं शिजवायचं नाय."

कमळाबाईनं तोंड उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं. रत्ना भुकेनं रडकुंडीला आली होती. पण बाप पौर्णिमा म्हणाला म्हणजे पौर्णिमा. अकरा वर्षांच्या पोरीला तिथ्या कुठल्या कळायला! तिला एवढंच सुचलं की बारकीला सांगावं, आमच्याकडे आज मासे नाहीत, काटे मोजायची शर्यत रद्द.

"मी बारकीला सांगून येतं."

"त्यांना कुठली आलीय पौर्निमा?" जयराम म्हणाला. "बस घरात." आणि त्यानं दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बारकी गेली. जनानं आधी पोरीला पोटभर वाढलं होतं, उरलंसुरलं स्वतः खाल्लं; लखमा डोंगरातून परतला तेव्हा भांडं रिकामं होतं. जनाला उलट्या झाल्या, हातपाय वाकडे झाले, पण ती वाचली. पोरीला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथं जीप मिळेस्तोवर सगळं आटपलं होतं. बौद्धवाडीतली पाच-सहा माणसंही आजारी पडली, मेलं मात्र कुणी नाही.

मग पोलीस आले. कंपनीचा साहेब म्हणाला, आमचा प्लांट बंद होता, हजेरी बघा. विचारा आमच्या माणसांना. जयरामला विचारलं. तो म्हणाला, "हां साहेब, बंद होता." नळ्यातून रंग आला नव्हता हे साऱ्या वाडीनं पाहिलं होतं. मग मासे मारले कुणी? रत्नाची हाक तर सगळ्यांनी ऐकलेली. जमादारानं तिला पुढं बोलावलं. "लखमानं टाकताना तू पाहिलंस, पोरी?"

बाप मागं उभा होता. फडकं गुंडाळलेला त्याचा हात तिच्या खांद्यावर आला आणि तिथं घट्ट झाला. बारकी काय म्हणाली होती ते रत्नाच्या ओठांवर आलं होतं. बा लाकडांना गेलाय. तिनं मान हलवली. हो.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ती अशी. लखमाला तीन दिवस चौकीत ठेवलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं, पण पाड्याला पुरावा कशाला हवा होता? अवसेला गेळ टाकलान् आणि पोटच्या पोरीचा जीव घेतलान्, असंच सगळे बोलू लागले. मासे उचलताना मात्र तिथी कुणाच्या ध्यानात नव्हती. जनानं त्याला घरात घेतलं नाही. तो वीटभट्टीवर निघून गेला तो गेलाच. दोन महिन्यांनी कंपनीत परमनंटची यादी लागली. तिच्यात जयरामचं नाव होतं.

अवसेचं ते बोलणं रत्नाच्या कानावर कधी आलं नाही. तिनं नदीचं नावच टाकलं होतं, पाड्याची वाट टाकली होती, आणि तिच्यासमोर कुणी त्या दिवसाचं बोलत नसे. तिच्यापुरतं तिनं ठरवलं होतं की पौर्णिमेनं आपल्याला वाचवलं. आपण हाक घातली म्हणून बारकी गेली, पौर्णिमा पाळली म्हणून आपण उरलो. उपास धरला तो तेव्हापासून. आणि आवाज खाली आला तोही तेव्हापासून.

दहा वर्षांनी, दोन हजार चारच्या वैशाखात, रत्नप्रभा पोरीला घेऊन माहेरी आली होती. पोर तीन वर्षांची, मनाली. कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडलेली. जयरामच्या पायांना सूज, खोकला, तो दिवसभर ओटीवरच्या खुर्चीत. सकाळी मनाली दिसेना म्हणून रत्ना शोधत निघाली आणि दहा वर्षांत पहिल्यांदा नदीवर आली. पोर काठावर गंजलेल्या पिंपावर बसून पाय हलवत होती. तिच्याजवळ तीन दगडांच्या चुलीवर भात शिजत होता, आणि चुलीपुढे जना.

जनाचा उजवा हात अजून वाकडाच होता. तिनं रत्नाकडे पाहिलं, रागावली नाही की उठली नाही. म्हणाली, "तुजीच पोर ना? वलकली मी. बस."

रत्ना बसली.

"लखमा गेला," जना म्हणाली. "भट्टीवरच. आज बारावा दिस. पाड्यावरली मान्सां म्हनतात, पोरीचा जीव घेनाऱ्याला पान नाय ठेवायचा. कोनी आला नाय बग. मी एकटीच भात घेऊन आलंय. ऊन डोक्यावर यायच्या आत पान ठेवायचा आसतं, आन् मला कलत नाय, ठेवू का नको." तिनं लाकूड आत सारलं. "पयला मासा तुलाच दिसला व्हता गो तवा हितं. खरा सांग, तू त्याला गेळ टाकताना पायला? डोल्यांनी पायला?"

सांगायला एवढंसं होतं, पण रत्ना पिंपावरच्या मनालीचा फ्रॉक ओढून नीट करत बसली.

जना आपल्याशीच बोलत राहिली. "तो दारात उबा राहून सांगत व्हता, जना, आज अवस, मी अवसंला कशाला जाईन पान्यात? मला वाटला भुकंनं गेला आसंल, नेम मोडला आसंल."

"अवस?" रत्ना म्हणाली.

"अवस तर. चैताची अवस. माजी पोर गेली ती तिथ मी इसरंन?"

"पौर्णिमा होती ना त्या दिवशी?"

"पुनव?" जना तिच्याकडे बघत राहिली. "डोस्का फिरला का तुजा? कालोखात चूड पेटवून आनला पोरीला रस्त्यावर."

रत्ना उठली. मनालीला काखेत मारून ती तरातरा घरी आली. डोळ्यांपुढे एकच होतं, उकिरड्यावर पालथं पडलेलं ते भांडं आणि बापाच्या हातावरचे फोड.

"बाबा, त्या दिवशी पौर्णिमा नव्हती."

कुठल्या दिवशी, असं जयरामनं विचारलंसुद्धा नाही. तो खुर्चीत नुसता लहान झाल्यासारखा दिसला. बराच वेळ खोकला. मग बोलला, "टाकी धुतली व्हती. साहेब बोलला, नुसता धुन्याचा पानी हाय, सोड. मी व्हॉल्व्ह फिरवला. पानी पांढराच व्हता गो, सादा दिसत व्हता. घरात आलो आन् कालवनाला तोच वास."

"माझ्या तोंडचा घास काढलात. बारकीच्या तोंडचा का नाही काढलात? दहा मिनिटांवर पाडा. मी जाते म्हणाले होते. तुम्ही कडी घातलीत."

"यादी लागायची व्हती. सा वर्सां टेंपररी काढली व्हती. बोललो आसतो तर मलाच धरला आसता. मला वाटला, जरा पोट बिगडंल त्यांचा, उद्या बरी व्हतील. मरन यील आसा नाय वाटला, आईची आन घेतो."

कमळाबाई आतून पदर सावरत आली. "हळू बोल रत्ना, शेजारी ऐकतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच नोकरीवर तू धावी झालीस, त्याच नोकरीवर तुजा लगीन झाला."

"आई, तुला ठाऊक होतं?"

"दर पौर्निमेला विहारात वंदनेला जानारी बाई मी. पौर्निमा कवा ते मला ठाव नसंल?"

"दहा वर्षं मी उपास धरलाय. दर पौर्णिमेला तूच मला उपासाचा डबा भरून द्यायचीस!"

कमळाबाईनं तोंड फिरवलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याकडे घरातलं कुणीच बघेना. रत्नाला वाटलं, या माणसाला खुर्चीसकट उचलून नदीवर न्यावं आणि जनाच्या पुढ्यात टाकावं. आणि त्याच वेळी तिला आपल्या खांद्यावरचा तो हात आठवला, आणि हललेली आपली मान आठवली. बापानं एकदाच व्हॉल्व्ह फिरवला होता. तिनं तर दोनदा लखमाचं नाव सांगितलं होतं, एकदा नदीला आणि एकदा पोलिसाला.

"बाबा, चला. तुम्ही सांगा तिला."

जयराम नदीकडे न बघता म्हणाला, "माज्याच्यानं नाय चालवत."

ऊन डोक्यावर यायला आलं होतं. रत्ना एकटीच निघाली.

जना भात उतरवून बसली होती. पळसाचं पान मांडीवर पसरलेलं, पण रिकामं. रत्ना तिच्यासमोर मटकन बसली आणि सगळं सांगून टाकलं. टाकी, व्हॉल्व्ह, कालवण, पौर्णिमेची थाप, लावलेली कडी. शेवटी सांगितलं, "बारकी मला म्हणाली होती, बा लाकडांना गेलाय. मी पोलिसाला सांगितलं नाही. मी लखमाकाकाला पाहिलं नव्हतं, जनाकाकी. कधीच पाहिलं नव्हतं."

जना रडली नाही. तिनं वाकड्या हातानं पान सरळ केलं, डाव्या हातानं भात वाढला, वर सुक्या मासळीचा तुकडा ठेवला. मग म्हणाली, "तीन येळा आला व्हता तो दारात. तिसऱ्या येळी मी त्याच्यावर कोयता उगारला."

रत्नानं क्षमा मागायला तोंड उघडलं तर तो शब्द फारच पुचाट वाटला. ती उठली आणि कोंडीच्या काठावर, जिथं ती अकरा वर्षांची असताना उभी होती, तिथंच जाऊन उभी राहिली. दहा वर्षं गिळलेला आवाज पोटातून वर आला.

"लखमाकाकानं गेळ टाकला नव्हताऽऽ! कंपनीचं पाणी होतंऽऽ! माझ्या बापानं सोडलंऽऽ!"

कंपनीची भिंत अजून उभी होती, तिनं आवाज परत फेकला. खाली वाडीत धुणं बडवणाऱ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. कुणाचं तरी दार उघडलं. ओटीवरची खुर्ची सरकली आणि जयराम आत गेला, तेही तिला तिथून दिसलं. वर पाड्यावर मात्र कुणी बाहेर आलं नाही. अर्ध्या झोपड्यांची दारं काट्या लावून बंद केलेली होती, माणसं अजून भट्ट्यांवरून परतायची होती.

रत्ना धापा टाकत मागं वळली. जनानं पान पाण्याच्या कडेला दगडावर ठेवलं होतं आणि डोंगराकडे तोंड करून ती उकिडवी बसली होती.

"अजून मोठ्यानं घाल हाक," जना म्हणाली. "त्याला कमी ऐकू यतं."